संशोधकाला साहाय्य : ग्रंथालय सेवकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न

१

मराठीतील शोधप्रबंधांच्या प्रास्ताविकात 'प्रस्तुत विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही' अशा आशयाचे विधान वारंवार आढळते. काही प्रबंधांच्या बाबतीत ते खरे असते. पुष्कळ प्रबंधांच्या बाबतीत मात्र त्याचा खरा अर्थ 'संशोधकाला पूर्वीचे संशोधन सापडले नाही' एवढाच असतो. या दोन विधानांत मोठे अंतर आहे. पहिले विधान विषयासंबंधी आहे, दुसरे शोधाच्या साधनांसंबंधी. साधने अपुरी पडली म्हणून विषय कोरा ठरत नाही. मौखिक परीक्षेच्या वेळी बहिःस्थ परीक्षकाने एखाद्या जुन्या लेखाचा किंवा प्रबंधाचा उल्लेख करावा आणि उमेदवाराने त्याचे नाव तेथेच प्रथम ऐकावे, हा प्रसंग मराठी विभागांना अपरिचित नाही.

अशा वेळी दोष विद्यार्थ्याच्या आळसाला दिला जातो, क्वचित मार्गदर्शकाच्या अनास्थेला. विद्यार्थी ग्रंथालयात गेला होता की नाही, हे विचारले जाते. तेथे गेल्यावर त्याला कोणते साहाय्य मिळाले, हे सहसा विचारले जात नाही. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येणारा, नोकरी सांभाळून संशोधन करणारा महाविद्यालयीन अध्यापक महिन्यातून एखादा दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात घालवू शकतो. मागणीपत्र भरून तो देवघेवीच्या खिडकीशी उभा राहतो. 'पुस्तक जागेवर नाही' किंवा 'असे काही आमच्याकडे नाही' हे उत्तर घेऊन तो परतला, तर त्याचा तो महिना वाया गेला असे समजावे. उलट, खिडकीच्या आत बसलेल्या व्यक्तीने 'हे पुस्तक नाही. पण हा लेख आधी नियतकालिकात आला असावा, तो खंड वरच्या मजल्यावर आहे' एवढे सांगितले, तर त्या एका वाक्याने एका प्रकरणाची दिशा बदलू शकते.

असे वाक्य उच्चारता येणे ही केवळ स्वभावाच्या चांगुलपणाची गोष्ट नाही. त्यामागे विशिष्ट ज्ञान असते आणि ते शिकवता येते. विद्यापीठीय ग्रंथालयांतील सेवकांना ते पद्धतशीरपणे शिकवले जात नाही. ते केवळ ग्रंथालयशास्त्राच्या पदवीतून मिळेल, ही अपेक्षाही रास्त नाही. मराठी संशोधनासाठी संदर्भसाहाय्य हवे असेल, तर ते देणारा सेवक घडवण्यात मराठी विभागाने आपला वाटा उचलला पाहिजे.

२

वाचकाला व्यक्तिशः साहाय्य करणे हे ग्रंथपालाचे काम आहे, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील वुस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्येच ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातील व्यक्तिगत संबंधांचा पुरस्कार केला होता. भारतात १९१० मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथालय सेवकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. एका मराठी भाषक संस्थानिकाने ग्रंथांच्या खरेदीइतकेच महत्त्व ग्रंथ हाताळणाऱ्या माणसांच्या शिक्षणाला दिले, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हा वापरासाठी असतो आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, या त्यांच्या दोन आग्रहांचा अर्थ संदर्भसेवेवाचून पूर्ण होत नाही. वर्गीकरण आणि तालिकीकरण ही कामे शेवटी वाचक आणि ग्रंथ यांची गाठ घालून देण्यासाठीच असतात, अशी त्यांची धारणा होती.

व्यवहारात मात्र 'संदर्भ विभाग' या शब्दाला विद्यापीठांत वेगळाच अर्थ आला. ज्या दालनातील पुस्तके घरी नेता येत नाहीत, ते दालन म्हणजे संदर्भ विभाग. तेथे कोश असतात, सूची असतात, वार्षिके असतात. नसते ती या साधनांची वाट दाखवणारी व्यक्ती. असलीच तर ती उपस्थितीच्या नोंदवहीवर सह्या घेण्यात आणि झेरॉक्ससाठी परवानगी देण्यात गुंतलेली असते. अलीकडच्या काळात तिच्याकडे आणखी एक काम आले आहे. वाङ्मयचौर्यासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २०१८ मध्ये आल्यानंतर प्रबंधातील साम्याचे प्रमाण संगणकावर तपासून देणे हे ग्रंथालयाचे नित्याचे काम झाले. संशोधनाच्या अखेरीस प्रमाणपत्र देण्यासाठी संशोधकाला ग्रंथालयाची आठवण होते. प्रारंभी वाट विचारण्यासाठी होत नाही. ज्या मुद्रित मराठी मजकुराचे संगणकीकरण झालेलेच नाही, तो या यंत्राला दिसत नाही, हे वेगळेच.

३

मराठीच्या संशोधकाला साहाय्य करणाऱ्या सेवकाला नेमके काय ठाऊक असावे? या प्रश्नाचे उत्तर सामान्य तत्त्वांपेक्षा उदाहरणांनी अधिक स्पष्ट होईल.

पहिली गोष्ट लेखनपद्धतीची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले. त्यापूर्वीच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर अनुच्चारित अनुस्वार आहेत. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. तालिकेत हे नाव मुखपृष्ठाप्रमाणे अनुस्वारांसह नोंदले असेल आणि विद्यार्थ्याने संगणकावर 'साधने' हा शब्द अनुस्वाराविना टाकला, तर यंत्राच्या दृष्टीने हे दोन भिन्न शब्द ठरू शकतात. 'ऱ्य' या जोडाक्षराची स्थिती याहून चमत्कारिक आहे. ते संगणकात दोन प्रकारे लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण आतील संकेत निराळे असतात. अनेक तालिकांत मराठी नावे रोमन लिपीत आहेत आणि तेथे 'श' व 'ष', 'न' व 'ण', ऱ्हस्व व दीर्घ यांचा भेद पाळला जाईलच असे नाही. हे ज्याला माहीत आहे तो सेवक 'नाही' असे उत्तर देण्यापूर्वी तीन-चार रूपांनी शोध घेईल. ज्याला माहीत नाही तो पहिल्या प्रयत्नानंतर थांबेल, आणि ग्रंथ चार पावलांवरच्या कपाटात असूनही विद्यार्थी रिकाम्या हाताने परतेल.

दुसरी गोष्ट नावांची. कवितेसाठी 'आरती प्रभू' आणि कादंबरीसाठी 'चिं. त्र्यं. खानोलकर', नाटककार म्हणून 'राम गणेश गडकरी', कवी म्हणून 'गोविंदाग्रज' आणि विनोदी लेखक म्हणून 'बाळकराम', ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. स्त्रियांच्या लेखनाच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आला. लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे आणि विवाहानंतरचे मालतीबाई बेडेकर. या तीन नावांच्या नोंदी परस्परांशी जोडलेल्या नसतील, तर त्यांच्या लेखनाचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्या कार्याचा काही भागच दिसेल. हा दोष अभ्यासकाच्या दृष्टीचा नसून तालिकेचा आहे; परंतु प्रबंधात तो अभ्यासकाच्या नावावर जमा होतो.

तिसरी गोष्ट कालगणनेची. एकोणिसाव्या शतकातील कित्येक मराठी ग्रंथांवर शकाचा उल्लेख असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु शकाचा आरंभ चैत्रात होत असल्याने वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात, हे विसरले जाते. शके १८०४ मधील ग्रंथ १८८२ चा असेल किंवा १८८३ चा. दोन ग्रंथांपैकी आधी कोणता, असा वाद असेल तेव्हा हे एक वर्ष निर्णायक ठरते. पेशवेकालीन कागदपत्रांतील सुहूर सन, फसली सन आणि मोडी लिपी यांची निदान ओळख असणे, म्हणजे आपल्याला वाचता आले नाही तरी कोणाकडे पाठवावे हे ठाऊक असणे, ही याचीच पुढची पायरी होय.

चौथी गोष्ट नियतकालिकांची. आधुनिक मराठी वाङ्मयाचा फार मोठा भाग प्रथम नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये, 'विविधज्ञानविस्तार' १८६७ मध्ये. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक स्वतंत्र परंपरा रूढ झाली. परंतु विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिकाचा खंड ही एकच वस्तू मानली जाते; आतील शेकडो लेखांची नोंद तालिकेत नसते. बांधणीच्या वेळी वेष्टनाची पाने आणि जाहिराती काढून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती, म्हणून अंकाची किंमत, वर्गणीदारांना केलेल्या सूचना, प्रकाशनांच्या जाहिराती ही माहिती बांधीव खंडात मिळत नाही. १९६० च्या आसपासची लघुनियतकालिके अनियमित निघत. त्यांची वर्गणी भरणे ग्रंथालयाच्या नियमांत बसत नसे. कोणत्या गोष्टी आपल्या ग्रंथालयात असणे संभवनीय नाही, हे जाणणेही संदर्भसेवेचाच भाग आहे.

पाचवी गोष्ट सूचींची. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १९४३ मध्ये आणि दुसरा १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद आहे. दाते, काळे आणि बर्वे यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची सिद्ध केली. त्याआधीच्या काळासाठी अलेक्झांडर ग्रँट यांची १८६४ पर्यंतच्या मुंबई इलाख्यातील देशी प्रकाशनांची यादी आणि १८६७ च्या कायद्यानुसार निघू लागलेल्या ग्रंथनोंदणीच्या याद्या आहेत. ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती ग्रंथांची ब्लुमहार्ट यांची तालिका १८९२ ची आहे. ग्रंथकारांच्या चरित्रासाठी गं. दे. खानोलकर यांचे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश आहेत. ही नावे पाठ करणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. प्रत्येक साधनाची मर्यादा कळणे म्हणजे प्रशिक्षण. १९५५ च्या पुस्तकासाठी दाते सूची उघडण्यात अर्थ नाही. ब्लुमहार्टच्या तालिकेत एखादा ग्रंथ नसेल, तर तो लंडनच्या त्या संग्रहात नव्हता एवढेच सिद्ध होते, तो छापलाच गेला नव्हता असे नव्हे.

ग्रंथ अस्तित्वात असणे आणि तो सापडणे यांतील अंतर किती मोठे असू शकते, याचे उदाहरण म्हणून ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकाकडे पाहावे. ते १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्याची बाजू घेतली. त्यानंतर ते विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. आज या पुस्तकावाचून मराठीतील स्त्रीविषयक विचारांचा इतिहास लिहिताच येत नाही. मधल्या नव्वदएक वर्षांत त्याची आठवण न राहण्यास वाङ्मयीन अभिरुची, जात आणि पुरुषप्रधान दृष्टी ही कारणे होतीच. परंतु एवढ्या महत्त्वाच्या ग्रंथाला पुन्हा वाचक मिळण्यासाठी एका चिकाटीच्या संशोधकाची वाट पाहावी लागली, यातून विस्मृतीत गेलेल्या लेखनापर्यंत पोहोचण्याच्या वाटा किती अरुंद होत्या, हेही दिसते.

४

साधनांच्या ज्ञानाइतकेच महत्त्वाचे दुसरे कौशल्य म्हणजे प्रश्न समजून घेणे. वाचकाने प्रथम विचारलेला प्रश्न हा बहुधा त्याचा खरा प्रश्न नसतो. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये याचे विवेचन करताना दाखवले की, मनातील अस्फुट गरज ग्रंथालयाच्या खिडकीपर्यंत येता येता ग्रंथालयाला समजेल अशा रूपात मुरड घालून घेते. आपल्याकडे या मुरड घालण्यात संकोचाची भर पडते. पहिल्या पिढीचा विद्यार्थी मोठ्या इमारतीत शिरताना आधीच दबलेला असतो. आपला प्रश्न चुकीचा तर नाही ना, या भीतीने तो शक्य तितका मोघम प्रश्न विचारतो.

समजा, एका विद्यार्थिनीने 'दलित आत्मकथनांवरची पुस्तके हवी आहेत' असे म्हटले. सेवकाने हात करून कपाट दाखवले, तर काम संपले. पण साहाय्य झाले नाही. त्याऐवजी त्याने 'कोणत्या आत्मकथनाचा अभ्यास चालला आहे?', 'त्यात नेमके काय पाहायचे आहे?', 'आतापर्यंत काय पाहून झाले?' असे तीन साधे प्रश्न सौम्यपणे विचारले, तर कदाचित असे कळेल की तिला दया पवार यांच्या 'बलुतं'चे प्रकाशनकाळी कसे स्वागत झाले ते पाहायचे आहे. 'बलुतं' १९७८ चे. म्हणजे तिला हवी आहेत ती पुस्तके नव्हेत. हवे आहेत १९७८ नंतरच्या दोन-तीन वर्षांतील वाङ्मयीन नियतकालिकांचे खंड, 'अस्मितादर्श'चे त्या काळातील अंक आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या. कपाटासमोर ती चार दिवस उभी राहिली असती तरी हे तिला मिळाले नसते.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. त्या परीक्षणांचा अर्थ काय, त्यांतील कोणती भूमिका ग्राह्य, कोणती पूर्वग्रहदूषित, हे सांगणे सेवकाचे काम नाही. साधन कोठे आहे, ते किती विश्वसनीय आहे आणि ते कसे उघडावे, येथवर त्याने सोबत करावी. साधनातून काय निष्पन्न होते, हे संशोधकाने ठरवावे. ही रेषा ओलांडली गेली, तर साहाय्याचे रूपांतर प्रबंध लिहून देण्यात होऊ शकते. म्हणूनच ही रेषा कोठे आहे, हेही प्रशिक्षणात स्पष्टपणे शिकवले गेले पाहिजे.

५

हे प्रशिक्षण द्यावे कोणी? ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम सर्व विषयांच्या ग्रंथालयांसाठी असतो. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे, हे तो शिकवील. त्या क्रमांकाखाली काय ठेवले गेले आणि काय राहून गेले, हे शिकवणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. मराठी विभागाकडे विषयाचे ज्ञान आहे, पण ग्रंथालयाची अंतर्गत रचना त्याला सहसा ठाऊक नसते. दाखलनोंद वही, तालिका आणि कपाट या तीन ठिकाणी एकाच ग्रंथाची तीन वेगवेगळी अवस्था असू शकते, हे कित्येक अध्यापकांनाही नव्याने कळेल. यास्तव हे काम दोघांनी मिळून करणे हाच मार्ग उरतो. त्यात अध्यापक शिकवणारा आणि सेवक शिकणारा अशी एकेरी विभागणी राहणार नाही.

त्याचे स्वरूप साधे असावे. एका सत्रात आठवड्यातून एक याप्रमाणे दहा-बारा अर्ध्या दिवसांच्या बैठका पुरेशा आहेत. प्रत्येक बैठकीत लेखनपद्धती, टोपणनावे, कालगणना, सूची, नियतकालिके, हस्तलिखिते, प्रबंध असा एकच विषय घ्यावा आणि व्याख्यानाऐवजी खरे प्रश्न सोडवावेत. मागील वर्षी विद्यार्थ्यांनी विचारलेले आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न हेच त्याचे पाठ्यपुस्तक. त्यासाठी संदर्भ विभागात एक प्रश्ननोंदवही ठेवावी. विचारलेला प्रश्न, शोधलेली साधने, मिळालेले किंवा न मिळालेले उत्तर एवढ्या तीन रकाने तिला पुरेत. पाच वर्षांत ही वही त्या ग्रंथालयाचे सर्वांत मोलाचे संदर्भसाधन बनेल.

प्रशिक्षणाला कोणी बसावे, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. उद्बोधन व उजळणी वर्गांची सोय मुख्यतः अध्यापकांसाठी आणि त्यांच्या समकक्ष मानल्या जाणाऱ्या ग्रंथपालांसाठी आहे. वाचकाची गाठ मात्र ग्रंथपालाशी पडत नाही. ती ग्रंथालय सहायकाशी, देवघेवीच्या लिपिकाशी, कपाटातून पुस्तक काढून आणणाऱ्या परिचराशी पडते. वीस वर्षे तेच मजले चढणाऱ्या परिचराला कोणता खंड कोठे आहे, कोणत्या खंडाची मधली पाने निघाली आहेत, कोणत्या अध्यापकांच्या देणगीतून कोणती कपाटे भरली, हे पाठ असते. तो निवृत्त होतो त्या दिवशी हे ज्ञान त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. प्रशिक्षणाच्या योजनेत या माणसाला श्रोता म्हणून नव्हे, जाणकार म्हणून बसवले पाहिजे आणि त्याच्याजवळचे ज्ञान लिहून घेतले पाहिजे.

आपल्या ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर काय आहे, हेही सेवकाला ठाऊक हवे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाची साधने आहेत; तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. 'आमच्याकडे नाही' या वाक्याच्या पुढे 'परंतु अमुक ठिकाणी असण्याचा संभव आहे' हे उपवाक्य जोडता येणे, हे प्रशिक्षणाचे पहिले दृश्य फळ असेल. त्या संस्थांत एखादी भेट घडवून आणली, तर उत्तमच. पुढे दूरध्वनीवरून चौकशी करताना समोरची व्यक्ती परिचयाची असते.

६

या सूचनेवर तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप मनुष्यबळाचा. ग्रंथालयांतील पदे रिक्त आहेत, असलेले सेवक देवघेवीलाच पुरत नाहीत, तेथे संशोधकाशी बोलायला कोणाला वेळ आहे? ही अडचण खरी आहे आणि तिला प्रशिक्षण हे उत्तर नाही. पदे भरणे हेच उत्तर आहे. कंत्राटी पद्धतीने दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या सेवकाकडून वीस वर्षांच्या अनुभवाची अपेक्षा करणे हा अन्यायच होय. मात्र पदे भरेपर्यंत आहेत त्या सेवकांना अज्ञानात ठेवावे, असा त्याचा अर्थ होत नाही. चुकीच्या कपाटात घालवलेला वेळ हाही मनुष्यबळाचाच अपव्यय आहे.

दुसरा आक्षेप संगणकयुगाचा. सर्व काही आंतरजालावर उपलब्ध असताना मध्यस्थ कशाला? परंतु मराठीच्या बाबतीत आंतरजालानेच मध्यस्थाची गरज वाढवली आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात हजारो भारतीय ग्रंथांच्या प्रतिमा तयार झाल्या. त्यांतील अनेक आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. पण त्यांची नावे रोमन लिपीत, पुष्कळदा इतकी चुकीची नोंदली गेली आहेत की ग्रंथ असूनही नसल्यासारखा झाला आहे. 'शोधगंगा'मुळे प्रबंध घरबसल्या वाचता येतात, ही मोठी सोय झाली. तथापि मराठी प्रबंधांची शीर्षके तेथे कोठे देवनागरीत तर कोठे रोमन लिपीत आहेत आणि जुने टंकलिखित प्रबंध सर्वच तेथे आलेले नाहीत. पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ मध्ये आयोगाने सुचवलेल्या संशोधन-नीतीच्या अभ्यासक्रमात संदर्भसंचयांचा परिचय अंतर्भूत आहे. पण स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये मराठी नियतकालिक क्वचितच आढळेल. शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विचारलेल्या प्रश्नाला तत्काळ उत्तर देतात आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नाव, लेखकासह आणि प्रकाशनवर्षासह, पूर्ण आत्मविश्वासाने पुढे करतात. तो ग्रंथ खरोखर छापला गेला होता काय, हे पडताळण्यासाठी अखेर सूची उघडणारा माणूसच लागतो.

तिसरा आक्षेप अध्यापकांच्या बाजूने येतो. संशोधकाने स्वतः धडपडावे, धूळ झटकावी, त्यातूनच तो घडतो. सर्व काही हातात दिले तर संशोधनवृत्ती मरते, असे म्हटले जाते. यात तथ्याचा अंश आहे. जुने खंड चाळताना न शोधलेले सापडते, हा अनुभव कोणी नाकारणार नाही. परंतु ज्यांच्या घरात ग्रंथ होते, ज्यांना मोठ्या शहरांतील ग्रंथालये जवळ होती, ज्यांचे गुरू चालत्याबोलत्या सूची होते, त्यांची धडपड आणि ज्याला कोठून सुरुवात करावी हेच कळत नाही त्याची धडपड, या एकाच प्रकारच्या नाहीत. पहिली धडपड माणसाला घडवते. दुसरी त्याला बहुधा थकवते आणि पाचसहा उपलब्ध पुस्तकांच्या आधारे प्रबंध उरकायला शिकवते. संदर्भसाहाय्य संशोधकाचे चालणे वाचवत नाही. ते त्याला रस्त्यावर आणून सोडते.

या आक्षेपाची दुसरी बाजू अशी की, जुन्या पद्धतीत साहाय्य नव्हतेच असे नाही. ते होते, परंतु ओळखीचे होते. अमुक सरांची चिठ्ठी आणली की कपाट उघडत असे. चिठ्ठी नसलेल्याला नियम सांगितले जात. प्रशिक्षित सेवा म्हणजे चिठ्ठीवाचून मिळणारी सेवा. विद्यापीठाच्या दृष्टीने हा केवळ सोयीचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

७

प्रशिक्षणाचे मोजमाप प्रमाणपत्रांच्या संख्येने करता येणार नाही. प्रश्ननोंदवहीतील अनुत्तरित प्रश्नांचे प्रमाण कमी होते काय, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात नियतकालिकांतील लेखांचे उल्लेख वाढतात काय, नोंदणीच्या वेळी सुचवलेला विषय पूर्वी अभ्यासला गेला आहे हे मौखिक परीक्षेऐवजी संशोधन समितीच्या पहिल्या बैठकीतच कळते काय, या खुणांवरून ते करावे. यासाठी विभागाने विषय मंजूर करण्यापूर्वी ग्रंथालयाचा शोध-अहवाल मागण्याची पद्धत सुरू केली, तर सेवकाच्या कामाला विद्यापीठीय व्यवहारात अधिकृत स्थान मिळेल. एम.ए.च्या संशोधनपद्धतीच्या तासांपैकी दोन-तीन तास ग्रंथालयात घ्यावेत आणि ते अध्यापकाने न घेता संदर्भ विभागातील सेवकाने घ्यावेत. जो शिकवतो त्याला आपल्या ज्ञानाची नोंद ठेवावीच लागते, आणि ज्याच्याकडून आपण शिकलो त्याच्याकडे प्रश्न घेऊन जाण्याचा संकोच विद्यार्थ्याला राहत नाही.

प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देशाचे पान असते. त्याच्या अखेरीस, टंकलेखकाच्या आधी, 'ग्रंथालयातील सर्व कर्मचाऱ्यांचे आभार' अशी एक ओळ बहुतेक सर्व प्रबंधांत असते. ती कोणाला उद्देशून आहे आणि कशासाठी आहे, हे लिहिणाऱ्यालाही अनेकदा सांगता येणार नाही. त्या ओळीत एखाद्या सेवकाचे नाव यावे आणि त्याच्यामुळे कोणते साधन हाती आले, याचा उल्लेख तेथे करावासा वाटावा, एवढे जरी या प्रशिक्षणातून साध्य झाले, तरी 'या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही' हे वाक्य लिहिण्यापूर्वी मराठीचा संशोधक पुन्हा एकदा विचार करील.